इंटर्नशिपचं वर्ष: सह्या गोळा करायच्या की काम शिकायचं? – बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी लिहा

घाटमाथा

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या अलीकडं आमचं गाव. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढं बेळगावात. फायनल एमबीबीएसचा निकाल लागला, कर्नाटक मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी झाली आणि येत्या एक तारखेपासून बेळगावातच एका मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात माझी इंटर्नशिप सुरू होतेय. इकडं आम्हाला हाऊस सर्जन म्हणतात. घरात मी पहिलीच डॉक्टर.

सीनियर सगळे एकच सांगतात. हे वर्ष म्हणजे सॅम्पल पोचवणं, रिपोर्ट आणणं, लॉगबुकावर सह्या घेणं. जमेल तितकं लवकर निघायचं आणि लायब्ररीत बसून नीट-पीजीचा (एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेचा) अभ्यास करायचा. वॉर्डात जास्त थांबणारे मागं पडतात, असंही सांगतात.

मला ते पटत नाहीये, पण माझ्याजवळ उत्तरही नाही. साडेचार वर्षांत मी किती शिरा शोधल्या? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाळंतपणं बघितली, स्वतः एकही केलं नाही. कन्नड कळतं, बोलताना अडखळते. मनात भीती एकच आहे. वर्षभरानं पक्की नोंदणी होईल, सरकारी सेवेत एखाद्या खेड्यातल्या दवाखान्यात एकटी बसेन आणि समोर आलेल्या माणसाला काय झालंय ते मला समजणार नाही.

या वर्षात नेमकं काय शिकायचं, कुणाकडून शिकायचं, ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. मोठं लिहिलंत तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

बॅच२०१९

मी यंदाच संपवली. तुला गोड लागेल असं लिहीत नाही, जे झालं ते लिहितो.

पहिले चार महिने मी वॉर्डात झोकून दिलं. सकाळी सातला रक्त काढायचं, बल्बांवर (रक्ताच्या नळ्यांवर) नावं लिहायची, लॅबमध्ये धावायचं, राऊंडला फायली धरून उभं राहायचं, दुपारी सीटीला पेशंट घेऊन जायचं, संध्याकाळी परत रक्त. एका युनिटमध्ये सहा आठवडे काढले आणि सरांनी मला एक प्रश्न विचारला नाही. माझं नावही त्यांना माहीत नव्हतं. स्टायपेंड तीन-तीन महिने अडकायचा. घरून पैसे मागवताना लाज वाटायची, कारण वडिलांना वाटत होतं पोरगा आता कमावतोय. कॉलेजचं नाव घेत नाही. नियमात इंटर्नला स्टायपेंड द्यायचाच असं आहे, म्हणून राग जास्त येतो.

पाचव्या महिन्यापासून मी लायब्ररीत गेलो. रँक बरी आली. मी चुकलो असं मला वाटत नाही. परीक्षा हे खरं आहे. एमडीची जागा मिळाली नाही तर वॉर्डात किती शिकलास हे कुणी विचारत नाही. धागाकर्तीनं हेही ध्यानात ठेवावं.

हिरण्यकेशी

बॅच२०१९, तुझा राग रास्त आहे. पण "धावपळ" आणि "वॉर्डात शिकणं" या दोन गोष्टी तू एकात एक घातल्यास. त्या वेगळ्या करायला लागतील.

मी हुक्केरीकडचा. एमकेबी (महाराष्ट्र-कर्नाटक बॉर्डर) कोट्यातून महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजात एमबीबीएस केलं. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सीमाभागातल्या मराठी मुलांना महाराष्ट्र थोड्या जागा राखून ठेवतो, ज्यांवर तो हक्क सांगतो त्या ८६५ गावांसाठी.) पुढं मेडिसिनमध्ये एमडी, आता गडहिंग्लजला असतो.

आधी नियम. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचं इंटर्नशिपचं नियमपत्रक २०२१ चं आहे. ते एकदा वाच, कारण पुष्कळ इंटर्नना आपण कशासाठी आहोत तेच माहीत नसतं. बारा महिने फिरतं काम. कम्युनिटी मेडिसिन १२ आठवडे, प्रसूती आणि कुटुंबकल्याण ७, मेडिसिन ६, सर्जरी ६, बालरोग ३, मानसोपचार, भूल आणि कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) प्रत्येकी २, बाकीचे छोटे. सुट्टी सगळी मिळून १५ दिवस. लॉगबुकमध्ये काय बघितलं, काय मदतीनं केलं, काय स्वतः केलं ते लिहायचं. आणि एक गोष्ट कधी विसरू नकोस. इंटर्ननं देखरेखीशिवाय काम करायचं नसतं. मृत्यूचा दाखला, एमएलसीचे (पोलीस केसचे) कागद, वैद्यकीय प्रमाणपत्र यांवर स्वतःच्या सहीनं काही द्यायचं नाही. रात्री दोन वाजता कुणी "कर गं सही, सर सकाळी बघतील" म्हटलं तरी नाही म्हणायचं.

आता माझी एक चूक सांगतो.

कॅज्युअल्टीची पोस्टिंग होती. हंगाम चालू. पहाटे चारच्या सुमारास ऊसतोडीच्या खोपटातून एक बाई आठ-नऊ वर्षांच्या पोराला घेऊन आली. पोटात कळ, दोनदा उलटी. अंगावर जखम नाही, ताप नाही. मी कागदावर लिहिलं: पोटदुखी, उलटी, शिळं खाल्लंय का विचारणे. बाई दोनदा म्हणाली, "साहेब, ह्याचं डोळंच उघडंनात. पापण्या जड झाल्यात." मी म्हटलं, पहाटेचे चार वाजलेत, पोर झोपेला आलंय.

पीजी आला. (एमडी-एमएस शिकणारा डॉक्टर. तुमच्याकडं पीजी म्हणतात, आम्ही रेसिडेंट म्हणायचो.) त्यानं बाईला एकच विचारलं, "मावशी, पोर कुठं झोपलं होतं?" खाली, पाचटावर. मग पोराला म्हणाला, "बाळ, डोकं न हलवता वर छताकडं बघ." पोराचे डोळे वर गेले, पापण्या गेल्या नाहीत. मण्यार. तुमच्या घाटात नि गोव्याकडं कांडार म्हणतात. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, दुखत नाही, सूज नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते, आणि पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो. तासाभरात पोराचा श्वास मंदावला. प्रतिविष दिलं, तीन दिवस व्हेंटिलेटरवर होतं. चालत घरी गेलं.

त्या आईनं निदान माझ्या हातात आणून दिलं होतं, मराठीत, दोनदा. मी "झोप" असं भाषांतर करून मोकळा झालो. सॅम्पल पोचवताना तू काही शिकत नाहीस, खरं आहे. पण सॅम्पल काढताना पेशंटजवळ जी पाच मिनिटं मिळतात ती सरांनाही मिळत नाहीत.

जाता जाता: खानापूरकडून फुरसं, घोणस चावलेले येतील. वीस मिनिटांची रक्त गोठायची चाचणी स्वतः करायला शीक. दोन मिली रक्त, कोरडी स्वच्छ काचेची नळी, प्लास्टिकची नको, साबणानं धुतलेली नको. वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करायची. मध्येच हलवून बघणारे फार असतात. आणि घाटातला चापडा वगैरे असेल तर आपलं नेहमीचं प्रतिविष त्यावर नसतं. ते नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवरचं.

मलप्रभा

वाचनखूण साठवली. भाऊ यंदा सेकंड इयरला आहे, त्याला पाठवते.

लेबररूम_अक्का

घाटमाथा, बाळ, मी डॉक्टर नाही. चौतीस वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली वीसवर लेबर रूममध्ये. रिटायर झाले. किती हाऊस सर्जन आले गेले, मोजले नाहीत. कोण शिकणार ते पहिल्या रात्रीच कळायचं. शिकणारी पोर आल्याआल्या विचारायची, "अक्का, कुठं उभी राहू?" न शिकणारी खुर्ची शोधायची.

तुझे सात आठवडे प्रसूतीचे आहेत ना, त्यातलं सांगते.

बाळ बाहेर आलं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडं जातं. रडलं का, मुलगा का मुलगी, वजन किती. तू आईकडं बघ. एका मिनिटाच्या आत पिशवी आवळायचं इंजेक्शन, ऑक्सिटोसिन, दहा युनिट मांडीत गेलंय का बघ. वार पडली की हात पोटावर ठेव, बेंबीच्या जरा खाली. पिशवी आवळलेली असली तर हाताला घट्ट गोळा लागतो, क्रिकेटच्या चेंडूसारखा. मऊ लागली, हाताखालून निसटली, की चोळायला लाग आणि मला किंवा मॅडमना हाक मार, लाजू नकोस. हे पुस्तकात वाचून येत नाही. मी पोरींचा हात धरून त्यांच्या हातावर माझा हात ठेवायचे आणि म्हणायचे, आता सांग, घट्ट का मऊ? दहा बायकांचं पोट झालं की हात आपोआप सांगतो.

हातमोजे मापाचे घे. हात लहान असला तर साडेसहा नंबरचे माग. सैल मोज्यात बोटाला काही कळत नाही, आणि टाका घालताना मोज्याचं टोक दोऱ्यात अडकतं.

दुसरं, रक्त मोजायला शीक. चादर भिजली, "थोडंसं गेलंय" असं सगळे म्हणतात. डोळ्यांचा अंदाज नेहमी कमी पडतो. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. आपल्याच बेळगाव जिल्ह्यात त्याचा अभ्यास झाला. बाईच्या खाली पसरायचा प्लास्टिकचा कागद, खाली निमुळती पिशवी, पिशवीवर मिलीच्या रेघा. ब्रास-व्ही ड्रेप म्हणतात त्याला, इथल्या कामासाठीच बनवला. त्यात मोजलं तेव्हा डोळ्यांनी केलेला अंदाज एक-तृतीयांशानं कमी निघाला. विचार कर, साडेसातशे मिली गेलं असलं तर आपण पाचशे म्हणणार.

त्याच कामात २००२ ते २००५ दरम्यान जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बायकांवर मिसोप्रोस्टॉलचा, म्हणजे पिशवी आवळायच्या गोळीचा, अभ्यास झाला. बाळंत झाल्याबरोबर गोळ्या, सगळ्या मिळून सहाशे मायक्रोग्रॅम, त्याही घरी नाहीतर उपकेंद्रात, देणाऱ्या आमच्या एएनएम, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्स पोरी. गोळी न मिळालेल्यांत शंभरात बारा बायकांना जास्त रक्त गेलं, मिळालेल्यांत सहाच्या आसपास. २००६ साली लॅन्सेट नावाच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. जगभर त्याचा दाखला देतात. त्यात माझ्या ओळखीच्या दोघी एएनएम होत्या, एकीनं चिखलातून चालत जाऊन बाळंतपणं केलेली. आपल्या पोरांना हे माहीतच नसतं. ज्या वॉर्डात उभं राहतात तिथलं काम कुठवर पोचलंय ते त्यांना कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

अजून एक. सुईला टोपण परत लावायचं नाही. कितीही घाई असो. टोचलीच तर नळाखाली साबणानं धुवायचं, पिळायचं नाही, आणि तसंच कॅज्युअल्टीत जायचं. एचआयव्हीचं औषध जितकं लवकर तितकं बरं, बहात्तर तासांनंतर उपयोग नाही, आणि सुरू केलं की अठ्ठावीस दिवस घ्यायचं. कावीळ-बीची तीन इंजेक्शनं झालीत का तुझी? रुजू व्हायच्या आधी बघ. माझ्या वॉर्डातली एक पोर टोचलं ते तीन दिवस लपवून बसली होती, रागावतील म्हणून. तिचं काही वाईट झालं नाही, पण ते तीन दिवस तिनं कसे काढले ते तिनं मला नंतर सांगितलं. लपवू नको.

चंदगडचा_बाप

मी डॉक्टर नाही, शेतकरी आहे. मुलगी कोल्हापूरला शेवटच्या वर्षाला आहे. अक्कांचं वाचून बरं वाटलं. पण बापाच्या मनातलं विचारतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यात आर. जी. कर हॉस्पिटलात ड्यूटीवरच्या डॉक्टर पोरीवर अत्याचार करून तिचा खून झाला, त्यानंतर हिच्या आईला रात्री झोप लागत नाही. ती पोरगी छत्तीस तास ड्यूटी करून झोपायला सेमिनार रूममध्ये गेली होती म्हणे. आमची पोर नाइटला असली की मी फोन उशाशी घेऊन झोपतो. रात्री ह्या पोरी कुठं झोपतात? दाराला आतून कडी असते का?

हिरण्यकेशी

काका, तुमची चिंता खरी आहे. त्या घटनेनंतर सुप्रीम कोर्टानं डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृतीदल नेमलं, काही ठिकाणी ड्यूटी रूम सुधारल्या, काही ठिकाणी अजून खुर्च्या जोडून झोपावं लागतं. मुलीला सांगा, पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी ड्यूटी रूम बघून ये. कडी नसली, दिवा नसला तर चौघींनी मिळून डीनना लेखी द्या, पोच घ्या. एकटीनं तोंडी सांगितलेलं हवेत जातं. रात्री दुसऱ्या इमारतीत सॅम्पल न्यायचं असेल तर वॉर्डातल्या मामांना नाहीतर मावशींना बरोबर घ्यावं. ते कधी नाही म्हणत नाहीत.

चंदगडचा_बाप

सांगतो तिला. बरं केलंत.

गोकाकरोड

माझी मातृभाषा कन्नड, शाळा बेळगावातली, मराठी शेजारच्या घरांतून शिकले. आता पीजी आहे. धागाकर्ती कन्नडला घाबरतेय म्हणून लिहिते.

घाबरू नको. वॉर्डातलं कन्नड अवघड नसतं. गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगलकडून येणाऱ्या आजी-आजोबांना तुझं व्याकरण नको असतं. आधी "एनागेतिरी?" म्हण, म्हणजे काय झालंय. "एल्लि नोवु?" कुठं दुखतंय. केम्मु खोकला, दम्मु म्हणजे धाप, होट्टी नोवु पोटदुखी. "ऊटा आतेनरी?" जेवण झालं का, हे विचारलंस की अर्धं काम झालं. सुई टोचायच्या आधी "अंजब्याडरी", घाबरू नका. एवढ्यावर पहिला आठवडा निघतो, पुढं पेशंटच शिकवतात. मी चुकीचं मराठी बोलून शिकले, कुणी हिणवलं नाही.

उलटी बाजूही आहे. माझ्याबरोबर लांबच्या राज्यांतून आलेली हुशार पोरं आहेत, त्यांना मराठीही नाही आणि कन्नडही नाही. एकदा खानापूरकडची एक आजी सांगत होती, "मी सकाळी उठलो, शेताकडं गेलो, आणि भोवळ येऊन पडलो." त्या पोराला पुस्तकी मराठी थोडं येत होतं. त्याला वाटलं आजी नवऱ्याबद्दल सांगतेय. तो नवऱ्याला तपासायला निघाला. आपल्याकडं बायका "गेलो, आलो" म्हणतात हे त्याला कोण सांगणार? तिथं घाटमाथासारखी पोर उभी असली तर काम सोपं होतं. तुझ्या घरची बोली तिथं उपयोगी पडेल.

घाटमाथा

माझी आजीही "आलो, गेलो" म्हणते. कॉलेजात आल्यावर मी ते मुद्दाम सोडलं होतं.

निपाणीकर

तीस वर्षं निपाणीत दवाखाना चालवतो. समोर तंबाखूच्या वखारी, विड्या वळणाऱ्या बायका, ऊस, आणि हायवे. माझ्याकडून पेशंट बेळगावला जातात, कोल्हापूरला सीपीआर या सरकारी हॉस्पिटलात जातात, मिरजेला जातात. कोण कुठं जाईल ते नातेवाइकावर, खिशावर आणि कोणत्या राज्याचं कार्ड आहे त्यावर ठरतं. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं मोफत उपचारांची महात्मा फुले योजना ८६५ गावांना लागू केली, त्यावरून दोन राज्यांत वाद झाला. पेशंटला विचाराल तर त्याला एवढंच हवं असतं की कुठल्या खिडकीवर कुठला कागद दाखवायचा. इंटर्ननं हे माहीत करून घ्यावं. सरांना ते माहीत नसतं, आणि कागदावाचून ऑपरेशन दोन दिवस पुढं जातं.

भाषेबद्दल वर दोघांनी लिहिलं, त्यात माझी भर. आपल्या माणसांचे शब्द पाठ कर, पुस्तकात नाहीत. "अंगावरून वारं गेलं" म्हणजे लकवा. "अंगावर जातंय" म्हणजे पांढरं किंवा लाल जाणं. दोन्हीत "अंग" आहे, पण एकाला न्यूरो लागतो आणि दुसऱ्याला गायनिक. "जिवात कसंनुसं होतंय" असं साठीची मधुमेहाची बाई म्हणाली तर अॅसिडिटीची गोळी देऊ नकोस. दहा मिनिटांत ईसीजी काढ. छातीत दुखतंय असं ती म्हणणारच नाही, कारण तिला छातीत दुखतच नसतं.

आणि माझी तळमळीची विनंती डिस्चार्जबद्दल. हॉस्पिटलातून पेशंट माझ्याकडं परत येतो तेव्हा त्याच्या हातात तीन पानांचं डिस्चार्ज कार्ड असतं, इंग्रजीत, घाईत लिहिलेलं. ते लिहिणारा बहुतेक इंटर्न असतो. गेल्या पावसाळ्यात एक विडी कामगार बाई आली. टीबीचं औषध बंद केलेलं. का, तर कार्डावर तारीख होती ती तिला औषध संपवायची तारीख वाटली. ती फेरतपासणीची तारीख होती. पंधरा दिवसांचं औषध गेलं, आणि घरात दोन वर्षांची नात.

घाटमाथा, तू डिस्चार्ज कार्ड लिहिशील तेव्हा पेशंटला समोर बसव. गोळ्या पाकिटातून काढून त्याच्या तळहातावर ठेव. कागदावर मराठीत नाहीतर कन्नडमध्ये लिही, वाचता येत नसेल तर सूर्य आणि चंद्र काढ. मग त्यालाच विचार, "आता तुम्ही मला सांगा, ही कधी घ्यायची?" तो सांगेपर्यंत सोडू नकोस. याला चार मिनिटं लागतात. या चार मिनिटांत पेशंट परत येणं वाचतं.

बॅच२०१९

निपाणीकर काका, मी शंभरभर डिस्चार्ज कार्डं लिहिली असतील. एकाही पेशंटला समोर बसवलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नाही. हे वाचून खरंच वाईट वाटलं.

तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. एका वॉर्डात चाळीस पेशंट आणि दोन इंटर्न असतील तर चार मिनिटं कुठून आणायची? सॅम्पल न्यायला वेगळा माणूस नेमला, स्टायपेंड वेळेवर दिला, सरांनी रोज एका पेशंटवर दहा मिनिटं बोललं, तर इंटर्न लायब्ररीत का पळेल? सगळा भार पोरांच्या चांगुलपणावर टाकू नका.

हिरण्यकेशी

यात तुझ्याशी शंभर टक्के सहमत. हे कॉलेजनं करायचं काम आहे, आणि ते मागायला हवं. तुमच्या बॅचनं लेखी मागितलं होतं का?

बॅच२०१९

स्टायपेंडचं मागितलं होतं. शिकवण्याचं मागायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

गोकाकरोड

पीजी म्हणून माझी कबुली. आम्हीही इंटर्नला शिकवत नाही. छत्तीस तास उभं राहिल्यावर कुणी प्रश्न विचारला तर चिडचिड होते. तरी एक करून बघितलंय: रात्रीच्या ड्यूटीत इंटर्नला मी एक पेशंट "तुझा" म्हणून देते. त्याचा इतिहास ती घेणार, राऊंडला सरांसमोर तीच बोलणार, डिस्चार्ज होईपर्यंत तोच तिचा. जी पोर आदल्या दिवशी खुर्चीत मोबाईल बघत होती ती दुसऱ्या दिवशी सहाला येऊन लघवीचं माप बघत होती. घाटमाथा, तुझ्या पीजीनं दिला नाही तर तूच माग. "मॅडम, हा पेशंट मी बघू का?" नाही कुणी म्हणत नाही.

अवांतर: निळ्या टोपणाचा बल्ब रेघेपर्यंत भर. अर्धा भरलास तर लॅब परत पाठवते आणि पेशंटला दुसऱ्यांदा टोचावं लागतं.

घाटमाथा

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रिंट काढून वहीत चिकटवलंय. एक तारखेला रुजू होते. पहिली पोस्टिंग मेडिसिन.

घाटमाथा (सहा आठवड्यांनंतर)

मंडळी, मेडिसिन आज संपलं. धागा वर आणतेय कारण एक गोष्ट तुम्हालाच सांगाविशी वाटली.

मागच्या आठवड्यात कॅज्युअल्टीत एक आजोबा आणले, खानापूरच्या पश्चिमेकडचे. उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडं, बोलणं बोबडं. बरोबर त्यांची सून. पीजी सर बाहेरच्या राज्यातले, ते हिंदीत विचारत होते, कधीपासून? सून गांगरली होती. ती म्हणत होती, "जनावरं सोडायच्या वक्ताला." सर म्हणाले, लिहा, वेळ माहीत नाही. लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. वेळ माहीत नसली की पुढचा रस्ता जवळजवळ बंद.

मी म्हटलं, सर, एक मिनिट. तिला आपल्या बोलीत विचारलं, "वैनी, जनावरं रोज कधी सोडता गे? पोरं शाळंला जायच्या आधी का मागनं?" आधी. "एसटी गेली होती काय?" नाही, एसटी आली तेव्हा सासरा दारात बसून चहा पीत होता, कंडक्टरला हात केला त्यानं. एसटी किती वाजता येते? पावणेनऊला. तिनं लगेच सांगितलं, कारण तिची पोरं त्याच गाडीनं जातात. म्हणजे पावणेनऊला आजोबा दोन्ही हातांनी ठीक होते. तेव्हा घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

सर काही बोलले नाहीत, सरळ सीटीला फोन लावला. रक्तस्राव नव्हता. पाऊण तासात इंजेक्शन गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रक्त काढायला गेले तर आजोबांनी उजव्या हातानं पेला धरला होता, थरथरत. बोलणं अजून अडखळतंय, चालायला वेळ लागेल. सून मला म्हणाली, "डॉक्टर, तू आमच्यातलीच काय गे?" मी म्हटलं, होय की, जांबोटीच्या अलीकडची.

सरांनी त्यानंतर मला रोज एक पेशंट दिला. निपाणीकर काका, पंचवीस डिस्चार्ज कार्डं झाली, सूर्य-चंद्र काढून. काही दिवशी वेळ मिळाला नाही, तेव्हा पेशंटला गेटपर्यंत सोडत जाता जाता सांगितलं. बॅच२०१९, तुझं पाहून आम्ही आठ जणांनी लेखी अर्ज केलाय, आठवड्यातून दोन दिवस दुपारी एक तास इंटर्नसाठी शिकवणी. उत्तर आलेलं नाही. पोच आहे आमच्याजवळ. अभ्यासही चालू आहे, पहाटे दीड तास, त्याहून जास्त जमत नाही.

उद्यापासून लेबर रूम. अक्का, भीती वाटतेय. हातमोजे साडेसहाचेच मागू ना? माझा हात तसा फार लहानही नाही.

लेबररूम_अक्का

साडेसहाच घालून बघ, बोटाच्या टोकाशी सुरकुती पडली नाही पाहिजे. घट्ट झाले तर सात. नखं आज रात्रीच काप, बांगडी काढून ठेव, केस वर बांध. आठची ड्यूटी असली तर साडेसातला जा आणि रात्रीच्या सिस्टरला विचार, कुठल्या टेबलावर कोण आहे, कितवी खेप, कळा कधीपासून. पहिल्या बाईच्या पोटावर हात ठेवलास की मला लिही, घट्ट होतं का मऊ.